भग्न हृदयाचे अर्पण



उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की धरणात गेलेल्या जुन्या पळसदेवचे अवशेष उघडे पडतात. पाणी वाढले की पुन्हा झाकले जातात. आपल्या पापाचेही असेच आहे. सुखाचे दिवस असले की ते दिसत नाही.

दावीद राजाने उरियाला मारवले, त्याची पत्नी आपलीशी केली आणि सारे झाकून टाकले (२ शमुवेल ११-१२). नाथान संदेष्ट्याने ते उघड केले, तेव्हा राजाने सबब सांगितली नाही. पाप कबूल केले. देवाला यज्ञबलीपेक्षा भग्न हृदय प्रिय आहे, ही ५१ व्या स्तोत्राची शिकवण त्याच प्रसंगाशी जोडलेली आहे.

मात्र भग्न हृदय म्हणजे न्यूनगंड नव्हे. ‘मी कुचकामी’ म्हणणारा अजून स्वतःकडेच पाहत असतो. नम्र माणूस देवाकडे पाहतो. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना येशूसंघात प्रवेश हवा होता, तो मिळाला नाही. ते मागे फिरले नाहीत. फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू झाले, जपानमध्ये धर्मगुरूंचे दुभाषी झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झाले.

या आठवड्यात पापनिवेदनाला या. बांधाच्या भांडणात भावाचे काय चुकले ते तेथे सांगू नका, आपले सांगा. तुमचा धर्मगुरूही त्याच रांगेत उभा आहे.

चिंतनासाठी : देवापासून मी आज काय झाकून ठेवले आहे?