तेलकट टोकांचा धडा
सेवानिवृत्तीनंतर रेवदंड्यास, पोर्तुगीजांच्या पडक्या तटाआडच्या नारळी-पोफळीच्या वाडीत, कायमचे बिऱ्हाड केल्यावर पडवीत स्क्रोल सॉ, म्हणजे नक्षीकामाची विजेची करवत, मांडून देव्हाऱ्यासाठी सागवानी जाळी कातरण्याचा बेत मी केला, तेव्हा पात्याचा ताण हे प्रकरण मळसूत्राच्या दोन वेढ्यांत निकालात निघते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

समुद्र हाकेच्या अंतरावर असल्याने येथे उघड्या पोलादावर गंज चढण्यास फारशी मुदत लागत नाही. म्हणून पाच इंची पात्यांचा सगळा जुडगा मी खोबरेलात माखून ठेवीत असे आणि या बंदोबस्तावर मनोमन खूश होतो. जाळीच्या प्रत्येक पाकळीसाठी पात्याचे वरचे टोक सोडवून, भोकातून ओवून, पुन्हा चिमट्यात आवळावे लागते. सातव्या पाकळीस पाते रेषा सोडून भरकटू लागले आणि कापलेला तुकडा निघेना, कारण जाड फळीच्या पोटात ढिले पाते फुगून वर एक रेषा व खाली दुसरीच कापीत होते. मी ताण वाढविला, पुन्हा वाढविला. तेलकट टोक चिमट्यातून निसटत होते, हे ध्यानात आलेच नाही. पुढल्या खेपेस टोक योगायोगाने घट्ट धरले गेले, साचलेला सारा ताण पात्यावर आला, ते तडकन तुटले, आणि वरच्या बाहूत राहिलेला तुकडा यंत्र थांबेपर्यंत खाली-वर नाचत माझ्या तर्जनीत रुतला.

तेव्हापासून प्लग काढल्याशिवाय मी पात्यास हात लावीत नाही. पाते व चिमट्याचे जबडे कोरड्या फडक्याने पुसावेत, टोके पॉलिश पेपरवर एकदा घासावीत, दातांची तोंडे खाली करून पाते बसवावे, ताण द्यावा आणि मग मध्यावर नखाने छेडावे. भद्द आवाज म्हणजे ताण अपुरा. एकतारीसारखा स्वच्छ, उंच नाद उमटला की हात आवरावा. ज्यांचा स्वतःच्या कानावर इतबार नसेल (माझा नाही, म्हणूनच भजनात मी टाळांपलीकडे गेलो नाही) त्यांनी बोटाने पाते बाजूस रेटून पाहावे. ते सुमारे ३ मिलिमीटरांहून अधिक सरकता कामा नये. अतिबारीक पात्यांस मात्र यापेक्षा कमी ताण सोसतो. ही तपासणी प्रत्येक पाकळीस नव्याने करावी. हयगय होते ती नेमकी येथेच. ताण योग्य असूनही पाते किंचित एका अंगास ओढत असेल, तर तो बहुधा दात पाडताना राहिलेल्या कंगोऱ्याचा गुण असतो. त्यासाठी मळसूत्र पिळण्याऐवजी फळीच जराशी तिरपी सरकवावी.

काम आटोपल्यावर ताण उतरवून ठेवतो. खोबरेल सोडलेले नाही, येथील हवेत ते परवडणारही नाही. फक्त आता ते टोकांच्या बोटभर अलीकडे थांबते.