दुसऱ्यासाठी लिहिणं: शब्दांकनाचं करिअर आणि त्याचा दाम

पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातल्या नेरे, मारुंजी, जांबे या गावांपासून हिंजवडीचं आयटी पार्क जवळ, म्हणून मुलांनी तिथेच नोकरी धरावी अशी घरच्यांची अपेक्षा. त्यामुळे बारावीनंतर मुलगी म्हणाली, "मला दुसऱ्यांसाठी लेखन करायचंय," की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. यात पोट भरेल का? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आकड्यांत शोधू.

काम काय असतं?
सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. डॉ. प्रकाश आमटे यांच्या 'प्रकाशवाटा'चं शब्दांकन सीमा भानू यांचं, तर साधनाताई आमटे यांच्या 'समिधा'चं सीताकांत प्रभू यांचं. तिथे नावं छापली गेली. पुष्कळदा ती छापली जात नाहीत. उद्योजकांची आत्मचरित्रं, गौरवग्रंथ, पतसंस्थांच्या स्मरणिका, भाषणं अशी कामं यात येतात.

दर कसा काढायचा?
उदाहरणादाखल २०० पानांचं, ५०,००० शब्दांचं आत्मचरित्र घ्या. मुलाखती २० तास. एका तासाचं ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला चार तास धरले, तर ते ८० तास. रोज १,००० शब्द लिहिले तर खर्ड्याला ५० दिवस. तपशिलांची पडताळणी आणि दुरुस्त्यांना महिना. एकूण सुमारे चार महिने. महिन्याला ३०,००० रुपये हवे असतील, तर मोबदला १,२०,००० रुपये, म्हणजे शब्दाला २ रुपये ४० पैसे. हेच काम ५० पैसे दराने घेतलं तर हाती २५,०००, महिन्याला जेमतेम सव्वासहा हजार. म्हणून आधी तास मोजा, मग दर सांगा. पैसे तीन हप्त्यांत घ्या. पहिला हप्ता काम सुरू होण्यापूर्वी.

करार लेखीच
कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. नाव छापायचं की नाही, किती वेळा दुरुस्त्या, काम मध्येच थांबलं तर किती पैसे, हे सगळं कागदावर आणा.

हे काम घेऊ नका, देऊही नका
कुणाचा प्रबंध, प्रकल्प किंवा परदेशी प्रवेशाचा निबंध लिहून देणं ही फसवणूक आहे. दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून दाखवणं यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत वाङ्मयचौर्य ठरतं. गंभीर प्रकरणी संशोधकाची नोंदणी रद्द होते. पालकांनो, पैसे मोजून मुलांसाठी असं लेखन विकत घेऊ नका. प्रवेशाच्या मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला ते उघडं पडू शकतं.

सुरुवात घरातून
आयटी पार्कच्या आधीचं शिवार, आंबेमोहोराची भातखाचरं पाहिलेली माणसं मुळशीत अजून आहेत. आजोबांना बोलतं करा, ध्वनिमुद्रण उतरवा, वीस पानं लिहून त्यांना वाचून दाखवा. "मी असंच बोलतो," असं ते म्हणाले, तर तुमचा कान तयार होतोय. सोबत पदवी पूर्ण करा. पुढे पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकता येते.

पालकांनो, सुरुवातीला हे काम नोकरीच्या जोडीने करू द्या, पण क्षुल्लक समजू नका. आणि मुलांनो, नाव दुसऱ्याचं असलं तरी श्रम तुमचे आहेत. त्यांचा दाम ठामपणे मागा.