गर्भारपण आणि दृष्टिपटल
प्रसूतीच्या वेळी होणाऱ्या रक्तस्रावापासून मातेचे रक्षण व्हावे म्हणून गर्भारपणात रक्ताची गोठण्याची क्षमता निसर्गतःच वाढते. क्वचित हेच संरक्षण उलटते. गुठळीने दृष्टिपटलाची रक्तवाहिनी बंद होते आणि काहीही न दुखता एका डोळ्याची दृष्टी अचानक जाते. मुख्य धमनी बंद पडल्यास काही तासांतच कायमची हानी होते. म्हणूनच ‘बाळंतपण झाल्यावर डोळे दाखवू’ हे उद्गार आम्हांस चिंताजनक वाटतात. डोळ्यांसोबत रक्तदाब, लघवीतील प्रथिने व रक्त गोठण्यातील दोष यांचीही तपासणी आवश्यक असते. २० आठवड्यांनंतर १४०/९० वा अधिक रक्तदाब हा धोक्याचा इशारा होय. दुखत नाही म्हणून थांबू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे, अशी आमची कुटुंबीयांना कळकळीची विनंती आहे.