शाळेचा खरा खर्च

सरकारी शाळा फुकट आहे. 2009 साली तसा कायदा झाला. 6 ते 14 वर्षांच्या मुलांना फी नाही. आठवीपर्यंत पुस्तके मिळतात. दुपारचे जेवण मिळते.

मग खर्च कसला? वही, पेन, चपला यांना पैसे पडतातच. पण मोठा खर्च निराळा आहे. त्याची पावती मिळत नाही.

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून मजूर ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. घेतलेली उचल फेडायची असते. थोरली पोर खोपीवर तान्ह्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. म्हणून आईला फडात जाता येते. पोर शाळेत गेली, तर आईची मजुरी बुडते. हाच तो खर्च. गरिबाला तो जड जातो.

आता दुसरी बाजू बघा. उचल किती, फिटली किती, हे मुकादमाच्या वहीत असते. शाळा सुटलेल्या पोरीला ती वही वाचता येईल काय? मग तिच्याही हाती कोयताच येतो.

यावर एक सोय आहे. हंगामी वसतिगृहाची. मूल गावीच राहते, जेवते, शाळेत जाते. गाडीत बसण्याआधी गुरुजींना विचारा.

वहीत लिहा : तुमच्या घरी शाळेपायी काय खर्च होतो? शाळा सुटली तर काय बुडेल?