तो कोणाच्या पक्षाचा?

यरीहोजवळ उपसलेली तलवार घेतलेला पुरुष दिसला तेव्हा यहोशवाने विचारले, तो कोणाच्या पक्षाचा? त्याने दोन्ही पक्ष नाकारले. तो परमेश्वराच्या सेनेचा सरदार होता (यहोशवा 5:13–15). यहोशवाने जोडे काढले.

पुढचे दोन अध्याय या उत्तराच्या उजेडात वाचावेत. यरीहोची वेश्या राहाब घराण्यासह वाचली. यहूदा वंशातला आखान मात्र लुटीतला झगा, 200 शेकेल चांदी आणि सोने लपवल्यामुळे अखोरच्या खोऱ्यात दगडमाराने मेला. न्याय वंश पाहून झाला नाही.

मग यरीहोच्या लेकरांचे काय? असे विचारणे म्हणजे अविश्वास, असे काहींना वाटते. पण सदोमाचा नाश होणार हे कळल्यावर अब्राहामाने नीतिमानांसाठी असाच प्रश्न केला. 50 वरून 10 पर्यंत तो आकडा उतरवत गेला, आणि परमेश्वर दर वेळी उत्तर देत राहिला (उत्पत्ती 18:23–33).