बंदरावरचा बावटा आणि डोंगरावरचा कूड

वादळापूर्वीची किनाऱ्यावरची तयारी आम्हां डोंगरवासीयांना परकी वाटते. पण ती अभ्यासण्याजोगी आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आदळले. इशारा आधीच मिळाला होता. बंदरांवर धोक्याचे बावटे चढले, होड्या काठावर ओढून दोरखंडांनी जखडल्या गेल्या, कच्च्या घरांतील माणसे शाळांतून हलविली गेली. तीही कोरोनाच्या दिवसांत, जेव्हा माणसाने माणसापासून दूर राहावे असा हुकूम होता! नोव्हेंबर २००९ च्या ‘फयान’ने कित्येक होड्यांना भर समुद्रातच गाठले होते.

वादळाला बळ मिळते ते उबदार समुद्राच्या वाफेतून. जमिनीवर येताच तो पुरवठा तुटतो, म्हणून तयारीचा सारा भर किनाऱ्यावर असतो. शास्त्रदृष्ट्या हे बरोबर. पण मला अपुरे वाटते. ‘निसर्ग’ किनाऱ्यावर थांबले नाही, ओसरत नाशिककडे सरकले. सूर्यमाळच्या उघड्या माळावर अजून कुडाची घरे आहेत आणि जूनच्या आरंभी छपरांची शाकारणी पुष्कळदा अर्धवटच असते. अशा घराला दमलेले वादळही भारी पडते. सातपाटीच्या कोळ्याला बावटा दिसतो. आमच्या पाड्यांवर निदान शाळेच्या फळ्यावर हवामानखात्याचा इशारा आदल्या दिवशी लिहिला जावा. छपरावर वेळू आवळून बांधायला आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना पक्क्या भिंतीआड न्यायला एक दिवस पुरतो.