दूरच्या डिस्कची खबर कशी घ्यावी?

एका भावाचे दुकान शिरूरला आणि दुसऱ्याचे दौंडला, खरेदी मात्र एकत्र, असे घर आपल्या भागात नवलाचे नाही. पूर्वी दौंडची कच्ची वही आठवड्यातून एकदा एस.टी.ने शिरूरला यायची आणि पक्क्या वहीत उतरवली जायची. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. आता दोन्हीकडे संगणक आहेत. दौंडच्या यंत्रातील फोल्डर शिरूरच्या पडद्यावर आपल्याच कपाटातल्या खणासारखे दिसते. रात्री दुकान बंद झाले की एकीकडचा रोजमेळ, खतावणी आणि मालाची आवक-जावक दुसरीकडे उतरवली जाते.

येथे एक साधा प्रश्न उभा राहतो आणि बहुतेक दुकानदार तो कधी विचारतच नाहीत. जे फोल्डर पडद्यावर दिसते आहे, ते या घडीला खरोखर दौंडच्या डिस्कशी जोडलेले आहे का? की फक्त नावाची पाटी आहे आणि आत आपलीच रिकामी जागा? या लेखात हा प्रश्न योग्य रीतीने कसा विचारायचा हे पाहू. विषय थोडा यंत्राचा आहे, परंतु आपल्या मुलांपैकी एखादा संगणक सांभाळत असेल तर लेख त्याच्यासोबत बसून वाचावा.

प्रश्न केवळ सोयीचा नाही. 2017 च्या जीएसटी कायद्याच्या कलम 35 प्रमाणे नोंदणीपत्रावर व्यवसायाच्या एकापेक्षा जास्त जागा असतील तर प्रत्येक जागेचा हिशेब त्या त्या जागी असावा लागतो. हिशेब संगणकात ठेवण्यास मुभा आहे, पण त्याच कायद्याखालील नियम 57 सांगतो की अशा नोंदींची योग्य प्रत असली पाहिजे आणि अपघाताने वा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी मुदतीत त्या पुन्हा उभ्या करता आल्या पाहिजेत. कलम 36 प्रमाणे या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने सांभाळायच्या आहेत. म्हणजे रात्रीची प्रत दौंडला पोहोचली असे आपण समजत राहिलो आणि ती कधी पोहोचलीच नव्हती, तर सहा वर्षांचा जाब देताना हात रिकामे राहतील. सरकारचे सोडा, उधारीचे काय? सूरह बकराची 282 वी आयत ही कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे आणि तिचा विषय उधारीच्या व्यवहाराची लिखापढी व साक्षीदार हा आहे. गिऱ्हाइकाचे देणे आपल्या वहीतून पुसले गेले तर नुकसान आपले. पण त्याने भरलेली रक्कम पुसली गेली आणि आपण ती पुन्हा मागितली, तर तो दुसऱ्याचा हक्क मारणे झाले.

आता यंत्राकडे वळू. एका संगणकाची डिस्क दुसऱ्या संगणकाने आपली म्हणून वापरावी, यासाठी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 1984 च्या सुमारास एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाईल सिस्टीम, ही पद्धत काढली. ही कंपनी 1982 साली ज्या चौघांनी स्थापन केली त्यांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 1998 मध्ये परम 10000 हा महासंगणक तयार केला, तोही सन कंपनीच्या यंत्रांवर उभा होता. सन कंपनी आता स्वतंत्र राहिलेली नाही, 2010 मध्ये ती ऑरॅकलने घेतली. पण एनएफएस जिवंत आहे आणि दुकानात मिळणाऱ्या लहान साठवण पेट्यांतही ते असते.

दूरची डिस्क आपल्या यंत्रात जोडण्याच्या क्रियेला माउंट करणे म्हणतात. सुरुवातीला ही जोडणी यंत्र चालू होतानाच करून ठेवीत. त्यात अडचण अशी की समोरचे यंत्र बंद असेल तर आपलेही चालू होताना अडून बसे. म्हणून ऑटोमाउंटर आला. हा पडद्यामागे बसलेला एक कार्यक्रम आहे. त्याच्याजवळ यादी असते की अमुक नावाचे फोल्डर म्हणजे अमुक यंत्रावरील अमुक जागा. कोणी त्या फोल्डरला हात लावला की तो त्या क्षणी जोडणी करतो. काही वेळ, बहुधा पाच मिनिटे, कोणी वापरले नाही की जोडणी सोडून देतो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये जॅन-सायमन पेंड्री यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस असा एक कार्यक्रम लिहिला, त्याचे नाव एएमडी. पुढे एरेझ झाडोक यांनी तो वाढवला आणि सांभाळला.

खरी गोम येथे आहे. जोडणी आहे की नाही हे पाहण्यासाठी आपण फोल्डर उघडतो. फोल्डर उघडणे म्हणजेच त्याला हात लावणे. हात लावताच ऑटोमाउंटर जोडणी करतो. मग आपल्याला दिसते की जोडणी आहे! ती आपण पाहिले म्हणून झाली, त्याआधी होती की नव्हती हे कळलेच नाही. उर्दूत दखल म्हणजे ढवळाढवळ, आणि मराठीत दखल घेणे म्हणजे लक्ष देणे. शाळा उर्दूची आणि धंदा मराठीत, त्यामुळे या एका शब्दाने आमच्यासारख्यांना पुष्कळ वर्षे बुचकळ्यात टाकले. ऑटोमाउंटरच्या बाबतीत मात्र दोन्ही अर्थ एकच होतात.

दौंडकरांना हे रेल्वेवरून चटकन समजेल. पुढची लाईन मोकळी आहे का, हे पाहण्यासाठी स्टेशन मास्तर गाडी सोडून पाहत नाही. तो पुढच्या स्टेशनला यंत्रावरून विचारतो, लाईन क्लिअर मिळाली की मगच गाडी निघते. दौंड जंक्शनवर मनमाडकडची लाईन आणि पुणे-सोलापूर लाईन एकत्र येतात. तेथे गाडी पाठवून खात्री करण्याची पद्धत असती तर काय झाले असते ते सांगायला नको. आपल्यालाही फोल्डरला हात न लावता, जोडणी करणाऱ्यालाच विचारायचे आहे.

एएमडीसाठी विचारण्याचा हा हुकूम म्हणजे एएमक्यू. नुसते एएमक्यू टाइप केले की तो चालू असलेल्या एएमडीला निरोप पाठवतो आणि उत्तर ओळीओळीने छापतो. प्रत्येक ओळीत चार गोष्टी असतात. पहिली, आपण वापरतो ते फोल्डरचे नाव. दुसरी, जोडणीचा प्रकार. तिसरी, माल कोठून येतो, म्हणजे समोरचे यंत्र व तेथील जागा. चौथी, आपल्या यंत्रात ती जोडणी प्रत्यक्ष कोठे बसली आहे. प्रकाराच्या जागी एनएफएस दिसले तर दूरची डिस्क जोडलेली आहे. टॉपएलव्हीएल दिसले तर ती फक्त ऑटोमाउंटरची स्वतःची पाटी आहे, माल नव्हे. एरर दिसले तर जोडायचा प्रयत्न झाला आणि फसला. ज्या फोल्डरची ओळच नाही, ते सध्या जोडलेले नाही, आणि हा दोष नाही. कोणी मागितले नाही म्हणून जोडले नाही, इतकेच.

हुकमापुढे आडवी रेघ आणि एम हे अक्षर दिले की जोडलेल्या डिस्कची यादी येते. त्यात किती जण ती वापरत आहेत हा आकडा असतो आणि समोरचे यंत्र चालू आहे की पडले आहे हेही लिहिलेले असते. माझ्या मते दुकानदाराला सर्वांत उपयोगी हीच यादी. एस हे अक्षर दिले तर एकूण हिशेब मिळतो: किती जोडण्या यशस्वी झाल्या, किती फसल्या, किती सोडवता आल्या नाहीत. फसलेल्यांचा आकडा रोज वाढत असेल तर तार, राऊटर किंवा समोरचे यंत्र यांपैकी काहीतरी आजारी आहे. आणि एएमक्यूने उत्तरच दिले नाही, प्रोग्राम नोंदलेला नाही असे म्हटले, तर एएमडी स्वतःच बंद पडला आहे. हे सर्वांत धोक्याचे, त्याचे कारण पुढे येईल.

आज नव्या यंत्रांवर एएमडी क्वचितच आढळतो. फ्रीबीएसडीने 2014 च्या 10.1 आवृत्तीपासून ऑटोएफएस घेतले, आणि लिनक्सवर ऑटोएफएस किंवा सिस्टमडी हे काम करतात. हुकूम बदलले, विचारण्याची रीत तीच. लिनक्सवर फाइंडमाउंट हा हुकूम जोडण्यांचे रजिस्टर वाचून दाखवतो आणि रजिस्टर वाचल्याने जोडणी होत नाही. त्यात एक बारकावा आहे. एकाच फोल्डरच्या नावाने दोन ओळी येऊ शकतात, एक ऑटोएफएस प्रकारची आणि एक एनएफएस4 प्रकारची. ऑटोएफएसची ओळ म्हणजे दारावर बसलेला रखवालदार, एनएफएस4 ची ओळ म्हणजे माल. नुसती पहिली ओळ दिसली तर रखवालदार जागा आहे पण माल आलेला नाही. माउंटपॉइंट नावाचा हुकूम याच ठिकाणी फसवतो. रखवालदाराला पाहूनही तो होय म्हणतो. सिस्टमडी असेल तर सिस्टमसीटीएल स्टेटस विचारावे. ऑटोमाउंटची अवस्था वेटिंग असेल तर तो वाट पाहत आहे, रनिंग असेल तर डिस्क जोडलेली आहे.

विंडोजवर नेट यूज हा हुकूम हेच काम करतो. तेथे ओके, डिस्कनेक्टेड किंवा अनअव्हेलेबल असे शब्द येतात. पंधरा मिनिटे वापर झाला नाही तर विंडोजचा सर्व्हर रिकामी जोडणी स्वतः तोडतो, त्यामुळे डिस्कनेक्टेड पाहून घाबरू नये, फोल्डर उघडले की बहुधा ती परत जुळते.

रजिस्टरात नाव आहे म्हणजे माल ताब्यात आहे, असे मात्र नाही. जोडणी झाल्यानंतर दौंडची वीज गेली तर फाइंडमाउंटच्या यादीत ओळ तशीच राहते. अशा वेळी कोणी डीएफ हा हुकूम देऊन डिस्कवर किती जागा उरली हे विचारले तर तो हुकूम दौंडच्या उत्तराची वाट पाहत लटकून राहतो. हिशेब टाइप करणाऱ्या मुलाला वाटते यंत्र बिघडले आणि तो बटण दाबून बंद करतो, त्यात चालू नोंदीही जातात. म्हणून जागा पाहायची असेल तर डीएफला आडवी रेघ व एल देऊन फक्त आपल्या यंत्रातील डिस्का विचाराव्यात. काही दुरुस्तीवाले यावर उपाय म्हणून जोडणी सॉफ्ट करून देतात, म्हणजे थोडे थांबून यंत्र नाद सोडते. वाचण्यापुरते ते चालेल. हिशेब लिहिण्यासाठी मात्र जोडणी हार्डच असावी, कारण सॉफ्ट जोडणीत लिहिणे मध्येच तुटून फाईल अर्धवट राहू शकते.

आता तो धोका. रात्री दहा वाजता शिरूरच्या यंत्रातील कार्यक्रम हिशेबाची प्रत दौंडच्या फोल्डरमध्ये टाकतो. ऑटोमाउंटर जागा असेल आणि दौंड बंद असेल तर कार्यक्रमाला चूक कळवली जाते. ते ठीक, निदान कळते. पण ऑटोमाउंटरच बंद पडला असेल तर? दौंड नावाचे फोल्डर तेव्हाही दिसते, फक्त ते शिरूरच्याच डिस्कवरील रिकामे फोल्डर असते. कार्यक्रम मुकाट्याने प्रत तेथे टाकतो आणि काम पूर्ण झाले असे छापतो. फोल्डर सापडले नाही तर नवे तयार कर, अशी सूचना कार्यक्रमात लिहिलेली असेल, आणि ती पुष्कळदा असते, तर नसलेले फोल्डरही तयार होते. मूळ आणि प्रत दोन्ही एकाच डिस्कवर. ती डिस्क गेली की दोन्ही गेले. शिवाय दुसऱ्या दिवशी ऑटोमाउंटर चालू झाला की खरी डिस्क त्या फोल्डरवर चढते आणि कालची प्रत तिच्याखाली झाकली जाते. शोधूनही दिसत नाही, डिस्क मात्र भरत जाते.

याला तीन बंदोबस्त आहेत. दौंडच्या डिस्कवर निशाण म्हणून एक लहान फाईल ठेवावी आणि प्रत टाकण्यापूर्वी ती दिसते का हे कार्यक्रमाने पाहावे. दिसली नाही तर एक अक्षरही न लिहिता थांबावे. येथे फोल्डरला हात लागला तरी हरकत नाही, आपल्याला जोडणी हवीच आहे. प्रत टाकून झाल्यावर लगेच फाइंडमाउंटची ओळ तारीखवार एका फाईलमध्ये छापून ठेवावी, म्हणजे निशाण एक साक्षीदार आणि रजिस्टर दुसरा. तिसरा बंदोबस्त एकदाच करायचा: जोडणी नसताना जे रिकामे फोल्डर उरते त्याला चॅटर हुकमाने कुलूप लावावे, म्हणजे त्यात कोणालाच लिहिता येणार नाही. एवढे करूनही महिन्यातून एकदा दौंडच्या यंत्रासमोर बसून कालच्या तारखेची फाईल उघडून पाहावी. भावाला फोनवर विचारू नये, तो होय म्हणूनच सांगतो.

यंत्र बंद करताना वापरणाऱ्यांचा आकडा पाहावा. गिऱ्हाइकासमोर थान उलगडलेले असताना आपण शटर ओढत नाही. कोणाची फाईल उघडी असेल किंवा कोणी त्या फोल्डरमध्ये नुसता उभा असेल तरी जोडणी सुटत नाही. एएमक्यूला यू हे अक्षर दिले तर तो सोडण्याची विनंती करतो, जबरदस्ती करत नाही, आणि ते योग्यच आहे. लिनक्सवर फ्यूझर हा हुकूम कोण अडवून बसले आहे त्याचा क्रमांक सांगतो.

शिरूर ते दौंड हा मार्ग इंटरनेटवरून जातो, म्हणून एनएफएस उघड्यावर कधीही ठेवू नये. दोन दुकानांमध्ये व्हीपीएनची बंद नळी घालून त्यातूनच ते चालवावे. एएमक्यूने दुसऱ्या यंत्रावरील एएमडीलाही विचारता येते, म्हणजे परक्यालाही विचारता येईल. 1999 मध्ये एएमडीत अशी फट सापडली होती की बाहेरचा माणूस यंत्राचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता. जुने यंत्र स्वस्तात घेतले असेल आणि त्यावर एएमडी चालू असेल तर आधी तो बंद करून ऑटोएफएस बसवून घ्यावा, हिशेब त्यानंतर चढवावा.